दिसेल तेवढ्यात थांबता आलं पाहिजे: पावसाळी घाटातली मोटरसायकल

जून संपत आला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या मोटरसायकली घाटांकडे वळतात. ताम्हिणी, माळशेज, आंबा, कुंभार्ली, आंबोली. शनिवारी पहाटे निम्मी मित्रमंडळी यातल्या कुठल्या तरी वाटेवर असतात. घरून निघताना प्रत्येकाला एकच सूचना मिळते, "सावकाश जा रे." सूचना चांगलीच आहे, पण सावकाश म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. ताशी ३० हा वेग ताम्हिणीतल्या एखाद्या मोकळ्या सरळ तुकड्यावर उगाच कमी आहे आणि धुक्यात बुडालेल्या आंबोलीच्या वळणावर भलताच जास्त.

माझ्या मते घाटातल्या वेगाला एकच माप आहे. जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतोय, तेवढ्यात गाडी उभी करता आली पाहिजे. रस्ता अरुंद असेल आणि समोरचा तुमच्या बाजूला घुसण्याची शक्यता असेल, तर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात.

आता हे मीटरमध्ये बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे १७ मीटर तिथेच गेले. पुढे ओल्या डांबरावर नीट ब्रेक मारूनही ३५ मीटरच्या आसपास लागतात. बेरीज ५० च्या वर, म्हणजे एकामागे एक लावलेल्या चार एसट्यांच्या रांगेपेक्षा जास्त. ताशी ४० ला हाच हिशोब २६-२७ मीटरवर येतो. वेग दीडपट झाला की एकूण अंतर दुप्पट होतं, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. घाटातल्या बऱ्याच वळणांवर पुढे ५० मीटर दिसतच नाही. वेग किती ठेवायचा याचं उत्तर तिथेच मिळतं.

शहरातला हात, हायवेचा हात

आपण रोज जिथे चालवतो तिथली सवय हाताला लागलेली असते. शहरात चालवणाऱ्याची दोन बोटं कायम क्लचवर, ब्रेक उशिरा आणि एकदम, पाय जमिनीजवळ लोंबते, नजर पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर. सिग्नल-टू-सिग्नल हे चालून जातं. घाटात मात्र ऐन वळणात क्लच दाबला जातो, इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी बाहेरच्या बाजूला जायला लागते.

हायवेवाल्याची गोष्ट वेगळी. तो वरच्या गिअरमध्ये एका लयीत जातो, गिअर बदलायचा त्याला कंटाळा असतो. तोच हात उतारावर आला की गाडी पाचव्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर खाली येते.

तिसरा प्रकार व्हिडिओ बघून शिकलेल्यांचा: गुडघा बाहेर, ढुंगण सीटच्या कडेला, वळणात गाडी आडवी. ती शैली बंद ट्रॅकवरची आहे. तिथे समोरून ट्रक येत नाही आणि डांबरावर शेण, शेवाळ, डिझेल पडलेलं नसतं. घाटात ती करणाऱ्याबद्दल मला कौतुक वाटत नाही.

घाटाची शैली बघायला कंटाळवाणी असते. वळणाआधी सगळी कामं उरकलेली, वळणात हात स्थिर, वळण उलगडल्यावर हळूच रेस. ती शिकायला वेळ लागतो, म्हणून आधी गाडी आणि मग सराव.

निघण्याच्या आठवडाभर आधी

टायरपासून सुरुवात करा. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते, तिच्या रेषेत ते सापडतात. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं असेल तर टायर संपला. पूर्ण गोटा होण्याची वाट बघू नका. बाजूलाच चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१७, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी चालवलेल्या गाडीच्या टायरला खाचा दिसतात भरपूर, पण रबर कडक झालेलं असतं आणि ओल्यात कडक रबर धरत नाही.

हवेबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: पावसात हवा थोडी कमी ठेवावी, पकड वाढते. ओल्या डांबरावर उलटं होतं. हवा कमी झाली की टायर चेपतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकलं जात नाही. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) कंपनीचा स्टिकर असतो. एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा दिलेला असतो. तोच ठेवा, आणि टायर थंड असताना मोजा.

ब्रेकचे पॅड आणि लायनर मेकॅनिककडून उघडून बघून घ्या. घरी एक तपासणी स्वतः करा. अंधार पडल्यावर गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, चावी लावा, आधी फक्त पुढचा ब्रेक दाबा, मग फक्त मागचा. दोन्ही वेळा मागची भिंत लाल उजळली पाहिजे. पुढच्या लिव्हरचा स्विच बिघडलेला असतो आणि वर्षभर कळत नाही. मागच्या गाडीवाल्याला मात्र तुम्ही थांबताय हे समजायला काही मार्ग नसतो.

चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा. बऱ्याच गाड्यांना तो २०-३० मिलिमीटरच्या घरात असतो. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वात घट्ट असेल तिथला आकडा धरायचा.

एबीएसबद्दल, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेबद्दल थोडं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागणं) सक्तीचं झालं. सिंगल चॅनल एबीएस असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक जोरात ब्रेक दाबल्यावर अडकणारच. आणि वळणात गाडी झुकलेली असताना साधं एबीएस तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका. ते सरळ गाडीसाठी आहे. खडीवर तर त्याने थांबायचं अंतर वाढूही शकतं.

अंगावर काय

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नव्हतं अशा मृतांचा सरकारी आकडा ५० हजारांच्या वर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, आणि ते आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ मानकाचं हवं. फुटपाथवर मिळणारी अर्धी टोपी त्यात बसत नाही.

हेल्मेट मापाचं आहे का हे असं बघा: पट्टा लावा, मान खाली घाला आणि दुसऱ्याला मागच्या कडेला धरून पुढे ओढायला सांगा. ते डोक्यावरून सुटून आलं तर माप चुकलंय किंवा पट्टा ढिला आहे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं. आतलं थर्माकोल दबलं की ते पुन्हा धक्का सोसत नाही.

पावसात वायझर पारदर्शकच हवा. काळा वायझर ढगाळ दुपारी झाडीत शिरल्यावर डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा होतो. आतून वाफ धरते त्याला पिनलॉकची काच, म्हणजे वायझरच्या आत बसणारी दुसरी काच, हा पक्का उपाय. ती नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून बोटाने पसरून कोरड्या कापडाने पुसून घ्या, दोन-तीन तास निभतं. शिवाय वायझर केसभर उघडा ठेवा.

रेनकोट दोन तुकड्यांचा घ्या, शर्ट-पँटसारखा. अंगावरून टाकायचा घोंगता किंवा पोंचो मोटरसायकलवर नकोच. वाऱ्याने उडून तोंडावर येतो नाहीतर मागच्या चाकात जातो. ओढणी, साडीचा पदर, बॅगेचे लोंबते पट्टे यांचंही तेच. बूट घोट्याच्या वर येणारे हवेत. सँडल आणि फ्लोटर घालून लोक घाटात जातात, कारण बूट भिजतात. बूट वाळतात.

मैदानावरचा एक तास

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. रविवारी सकाळी एखादं मोकळं पार्किंग किंवा वापरात नसलेला सपाट डांबरी तुकडा शोधा. पाऊस पडून गेला असेल तर उत्तम.

पहिल्यांदा ब्रेक. ताशी ३० ला सरळ जा आणि ठरलेल्या खुणेवर दोन्ही ब्रेक लावा. पुढचा ब्रेक झटक्यात न दाबता पिळत न्यायचा: आधी हलका, मग वजन पुढे आलेलं मनगटांना जाणवलं की जास्त. सपाट रस्त्यावर थांबवायचं मोठं काम पुढचंच चाक करतं, कारण ब्रेक लागताच वजन तिकडे जातं. "पुढचा ब्रेक मारू नको, पडशील" हे सायकल शिकताना ऐकलेलं वाक्य अनेकांच्या हातात आयुष्यभर राहतं आणि ते फक्त मागच्यावर थांबायला बघतात. पडायचं कारण पुढचा ब्रेक नसतो, तो एकदम आवळणं किंवा हँडल वळलेलं असताना आवळणं असतं. पुन्हा पुन्हा करा, मग ताशी ४० ला करा. आपली गाडी ओल्यात किती अंतरात उभी राहते ते पावलांनी मोजून ठेवा.

दुसरं, हँडल ढकलणं. ताशी ३० च्या पुढे मोटरसायकल हँडल वळवून वळत नाही, झुकून वळते. डावीकडे जायचं तर डाव्या मुठीला हलकेच पुढे ढकला, गाडी डावीकडे झुकेल. तुम्ही नकळत हेच करत आलाय, पण जाणूनबुजून केलं की अचानक खड्डा किंवा दगड आला तर गाडी पटकन बाजूला काढता येते.

तिसरं, चालण्याच्या वेगात इंग्रजी आठचा आकडा. इथे मागचा ब्रेक हलका धरून ठेवायचा, क्लच अर्धा, रेस स्थिर, आणि मान वळवून जिथे जायचं तिथे बघायचं. पुढच्या ब्रेकला बोटही लावायचं नाही. घाटातली आवळलेली वळणं, तिथलं यू-टर्न मारणं, कोंडीतून सरकणं, सगळं यावर उभं आहे.

वळण: आधी, मध्ये, नंतर

वळण दिसलं की पहिलं काम डोळ्यांचं. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू बघा. तुम्ही जवळ जाताय आणि तोही तुमच्याकडे येतोय, म्हणजे वळण आवळतंय. वेग अजून कमी करा. तो तुमच्याइतक्याच वेगाने पुढे सरकतोय तर वेग बरोबर आहे. तो पळायला लागला की वळण उलगडतंय, आता रेस देता येईल. नवख्या घाटात यापेक्षा खात्रीचा वाटाड्या नाही. विजेच्या तारा किंवा झाडांची ओळ बघून रस्त्याचा अंदाज घेणारे फसतात, तारा दरी ओलांडून सरळ जातात.

ब्रेक आणि गिअर दोन्ही गाडी सरळ उभी असतानाच उरकायचे. दुसरा गिअर लागेल असं वाटत असेल तर वळणाच्या आधीच टाका आणि क्लच पूर्ण सोडा. वळणात शिरताना इंजिन गाडीला हलकं धरून असलं पाहिजे.

आता जागा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावं वळण आणि उजवं वळण यांचे धोके वेगळे आहेत. डाव्या वळणात आतली कड डोंगराची किंवा झाडीची असते, पुढचं दिसत नाही. म्हणून आपल्या लेनच्या मधोमध, जरा उजवीकडे राहिलं तर नजर लांब जाते. अगदी मधल्या रेषेला मात्र चिकटू नका, समोरचा ट्रक ती रेषा पाळेलच असं नाही. इथे होणारी चूक म्हणजे लवकर आत शिरणं: सुरुवातीला छान वाटतं, पण बाहेर पडताना गाडी आपोआप समोरच्याच्या लेनमध्ये जाते. थोडं थांबून, वळणाचं तोंड दिसल्यावर झुका.

उजव्या वळणात डावीकडे राहा, पण काठापासून मीटरभर आत. काठावर खडी आणि चिखल साचलेला असतो. इथे टायर आपल्या लेनमध्ये असले तरी झुकलेल्या माणसाचं डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातात. टायर कुठे आहेत यापेक्षा हेल्मेट कुठे आहे ते लक्षात ठेवा.

अंग किती झुकवायचं? कोरड्यात गाडीबरोबर झुकलं की काम होतं. ओल्यात छाती आणि डोकं गाडीपेक्षा जरासं आतल्या बाजूला घ्या, त्याने तेवढ्याच वेगात गाडी थोडी उभी राहते आणि टायरची जास्त जागा रस्त्यावर टेकते. चिखलात किंवा चालण्याच्या वेगात उलट करायचं: गाडी आत, अंग बाहेर.

वेग जास्त झालाय असं वळणाच्या मध्यावर लक्षात आलं तर? बहुतेक जण रेस एकदम सोडतात, पुढचा ब्रेक आवळतात आणि कठड्याकडे बघत बसतात. जिथे बघाल तिथे गाडी जाते, हे मोटरसायकलच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. नजर जबरदस्तीने वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे न्या, आतली मूठ अजून थोडी ढकला, मागचा ब्रेक असलाच तर अगदी हलका. आपल्याला वाटतं त्यापेक्षा गाडी जास्त झुकू शकते. माणूस तिच्या आधी हार मानतो.

उतार

थांबताना चढाला गुरुत्वाकर्षण मदतीला असतं, उताराला विरोधात. जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मोटरसायकललाही हे तंतोतंत लागू आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक अधूनमधून लागतात.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे अजून आहेत. वाचत काही नाही. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की इंजिनाला जाणारं पेट्रोल तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जातच राहतं. आणि सगळं वजन ब्रेकवर येतं. सतत पाय ठेवला की ड्रम तापतो, लायनरची पकड जाते आणि पेडल दाबूनही गाडी मंदावत नाही. पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर ताबा सुटलेल्या अवजड गाड्यांनी काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. लांब उतारावर मागून जड गाडी येत असेल, करपल्याचा वास येत असेल, तर साईड द्या, जागा बघून थांबा आणि तिला जाऊ द्या.

उतारावर वजन आधीच पुढच्या चाकावर असतं, मागचं हलकं झालेलं असतं. त्यामुळे मागचा ब्रेक सपाटीपेक्षा लवकर अडकतो आणि गाडीची शेपूट सरकते. दोन्ही ब्रेक, पण थोडा वेळ लावायचे आणि सोडायचे. सतत घासत ठेवायचे नाहीत. बराच वेळ पावसात ब्रेकच लावला नसेल तर डिस्कवर पाण्याचा थर असतो, पहिला क्षण काहीच होत नाही. वळण यायच्या आधी एकदा हलका हात लावून डिस्क कोरडी करून घ्या. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रमलाही हेच करायचं.

चढावर थांबावं लागलं तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर. निघताना क्लच पकडेपर्यंत ब्रेक सोडू नका.

रस्ता काय सांगतोय

पहिल्या एक-दोन पावसांत डांबर सर्वात घसरडं असतं, उन्हाळाभराचं ऑइल आणि धूळ वर येते. सणसणीत पाऊस पडून रस्ता धुऊन निघाला की बरं होतं. त्यानंतरही पांढरे पट्टे, पुलांच्या सांध्यांच्या लोखंडी पट्ट्या, पेव्हर ब्लॉक आणि पेट्रोल पंपासमोरची जागा यांवरून गाडी सरळ ठेवूनच जायचं. डांबरावर सप्तरंगी तवंग दिसला तर डिझेल आहे. ते बहुतेक वळणांवर, तेही बाहेरच्या बाजूला सांडलेलं असतं, कारण भरलेली टाकी तिथे हिंदकळते.

कोकणात लावणीच्या दिवसांत शेतातून निघालेले ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर रस्त्यावर लाल चिखल सोडतात. ऊन पडून तो वरून सुकलेला दिसतो, आत साबण असतो. जिथे दिवसभर झाडाची सावली असते तिथे काठाने शेवाळ धरतं, आणि टायर तिथे टेकल्याशिवाय ते कळत नाही. चाकांनी घासून काळसर झालेल्या पट्ट्यात चालवलं तर बराचसा त्रास वाचतो.

रस्त्यात ओळीने ठेवलेले दगड किंवा झाडाची तोडलेली फांदी दिसली की वेग तिथेच कमी करा. पुढे वळणापलीकडे ट्रक बंद पडलेला असतो. रात्री गुरांचं लक्षात ठेवा. पावसात ती मऊ चिखल सोडून डांबरावर येऊन बसतात, काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी शेवटच्या क्षणी दिसते. रात्री घाट टाळता आला तर टाळाच.

धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपरवर चालवा, डावी कड धरा. चारही इंडिकेटर चालू ठेवून जाणारे असतात. त्याने तुम्ही उभे आहात की चालताय, वळणार आहात की नाही, काहीच कळत नाही. ते थांबल्यावर लावायचे.

मोरीवरून किंवा फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. खोली किती हा प्रश्नच गौण आहे. गुडघ्याच्या खालचं जोराचं पाणीही मोटरसायकल आडवी करतं, आणि खाली रस्ता शाबूत आहे हे गढूळ पाण्यातून कोणाला दिसतं? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूलच वाहून गेला आणि त्यात दोन एसट्या गेल्या. निघण्याआधी दरडींची आणि बंदीची बातमी बघा. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवल्याचे आदेश निघालेले आहेत, तसे इतर घाटांचेही निघतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळातच परवानगी नाही, नकाशाचं ॲप काहीही म्हणो.

बाकीची मंडळी

एसटी किंवा ट्रक आवळलेल्या वळणावर पूर्ण रस्ता घेतो, त्याला दुसरा इलाजच नसतो. वरून एसटी येताना दिसली की वळणाच्या खालीच डावीकडे थांबा. एरवी अरुंद चढ-उतारावर वर जाणाऱ्याला आधी वाट द्यायची असा नियम आहे, कारण चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलणं अवघड. तुम्ही उतरत असाल तर थांबायचं तुम्ही.

ट्रकच्या मागे चिकटून राहू नका. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. पुढच्या गाडीने एखादा दगड किंवा खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन" मोजा. कोरड्यात दोन, ओल्यात चारपर्यंत मोजून झाल्यावर तुम्ही तिथे पोचला पाहिजे. वळणावर ओव्हरटेक नाही, हॉर्न आणि रात्री डिपर मात्र आधीच द्या.

माणगावकडे उतरताना ताम्हिणीत किंवा माळशेजमध्ये सर्वात जास्त भीती मला ट्रकची वाटत नाही, धबधब्याजवळ थांबलेल्या चारचाकींची वाटते. दरवाजे न बघता उघडतात, पोरं मक्याची कणसं हातात घेऊन रस्ता ओलांडतात, एखादा मध्येच यू-टर्न मारतो. गाड्यांची रांग दिसली की ताशी २० वर या. आणि तुम्हाला फोटो काढायचा असेल तर वळणावर थांबू नका, रुंद जागी गाडी डांबरापासून पूर्ण खाली घ्या.

मागे बसणारा

डबलसीट असेल तर मागच्या टायरची हवा आणि शॉकअपची सेटिंग बदला, आणि थांबायला जास्त अंतर धरा. मागच्याला निघण्याआधी सांगा: वळणात तुझं डोकं माझ्या आतल्या खांद्यावरून बघेल असं ठेव, उलट्या बाजूला झुकू नको, मी सांगितल्याशिवाय उतरू नको. मागे बसून छत्री उघडणं कोकणात अजून दिसतं. वाऱ्याचा एक झोत आला की गाडी लेन बदलते.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी सुरक्षा पट्टा आणि मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० च्या वर न्यायचा नाही, असा केंद्राचा नियम आहे. पावसाळी घाटात एवढ्या लहान मुलाला मोटरसायकलवर नेऊच नये असं माझं मत आहे.

ग्रुपने जात असाल तर सरळ रस्त्यावर एक डावीकडे एक उजवीकडे अशी आलटून-पालटून रांग, घाटात एकामागे एक. सर्वात नवखा दुसऱ्या नंबरवर, अनुभवी माणूस शेवटी. प्रत्येकाने फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे कोणाला पकडायला कोणी पळत नाही.

कोणी पडलं तर

आधी मागून येणाऱ्यांना थांबवा. एकाला वळणाच्या अलीकडे, लांबून दिसेल अशा जागी उभं करा, फांद्या टाका. मग पडलेल्याकडे. तो बोलतोय, श्वास घेतोय का बघा. मानेला मार असण्याची शक्यता असेल तर हलवू नका. हेल्मेट ओढून काढायची घाई नको, फक्त वायझर वर करा. श्वास अडत असेल तरच, दोघांनी मिळून, एकाने मान स्थिर धरून काढायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही चालतो. घाटात रेंज जाते, म्हणून एकाला रेंज मिळेपर्यंत गाडीवर पाठवा आणि शेवटचा किलोमीटर दगड कोणता होता ते त्याला पाठ करायला लावा. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ त्याच्या बाजूने आहे. नाव-पत्ता देण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

स्वतः पडलात आणि उठून उभे राहिलात तरी लगेच गाडीवर बसू नका. पंधरा-वीस मिनिटं बसा, पाणी प्या. अंगात झटका असतो तोवर मोडलेलं बोटही दुखत नाही. गाडीचं हँडल सरळ आहे का, ब्रेक आणि क्लचची लिव्हर तडकली नाही ना, चाक मोकळं फिरतंय का, हे बघूनच पुढे निघा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चेन धुवा. घाटातला लाल चिखल तिच्यात रात्रभर राहिला की सकाळी गंजाचा रंग दिसतो. ऑइल चेन कोमट असताना द्या, इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून गिअरवर चाक फिरवत चेन पुसताना बोटं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात जातात.